कापलेले गवत आणि कोंबडीची क्रियापदे

१. प्रश्नाचे स्वरूप

श्रावण-भाद्रपदात घरामागील परसात गुडघाभर गवत माजते. साप-विंचवाच्या भयाने म्हणा किंवा नवरात्रापूर्वीच्या साफसफाईसाठी म्हणा, ते एखाद्या दिवशी कापले जाते. कापणी संपते न संपते तोच घरच्या कोंबड्या त्या मोकळ्या जागेकडे धाव घेतात. गवताच्या आडोशाने राहिलेले नाकतोडे उघडे पडलेले असतात, बुंध्याशी अळ्या असतात, गळालेले बी असते. तासाभरात कोंबड्या ती जागा पिंजून काढतात. कुटुंबाचा दाण्याचा खर्च तेवढा वाचतो आणि पुढील काही दिवस अंड्यातील बलक अधिक पिवळा दिसतो.

तथापि याच प्रसंगानंतर दोनचार दिवसांनी एखादी कोंबडी मान वेळावीत कोपऱ्यात उभी राहिलेली आढळते. तिच्या गळ्याखालचा भाग फुगून टणक झालेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, तिने आज भरपूर खाल्ले आहे. वस्तुतः तिच्या पोटात काहीच उतरत नसते आणि वेळीच उपाय न झाल्यास ती उपासमारीने मरते. अशा कोंबडीच्या गळ्यातील पिशवी उघडून पाहिली असता तीत बहुधा एकच वस्तू सापडते: एकमेकांत गुरफटलेल्या लांब गवताच्या काड्यांचा पिळा.

एकाच परसातील एकच गवत एका कोंबडीला लाभते आणि दुसरीला बाधते, याचे कारण काय? प्राणिशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. ते उत्तर मराठीच्या नित्य व्यवहारातील क्रियापदांतही बहुतांशी साठवलेले आहे. शास्त्रीय व प्रचारात्मक लेखनात मात्र या सर्व क्रियापदांच्या जागी ‘चरणे’ हे एकच क्रियापद वापरण्याची प्रवृत्ती आहे. त्यामुळे भाषेने जपलेला भेद पुसला जातो. हा भेद कोणता आणि तो पुसल्याने प्रत्यक्ष व्यवहारात काय बिघडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील कोंबड्या-बदकादी पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख होती, आणि तींपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसात पाळलेले होते. घरोघरी ही कोंबडी बहुधा स्त्रियांच्या देखरेखीखाली असते आणि अंड्यांचे चार पैसे त्यांच्या हाती राहतात. पाचसहा कोंबड्यांच्या घरात एक कोंबडी दगावणे ही लहान हानी नव्हे. अशा घरासाठी लिहिलेल्या सूचनेतील प्रत्येक क्रियापद तोलून वापरलेले असले पाहिजे.

२. ‘चरणे’ या शब्दाची व्याप्ती

‘चरणे’ हे क्रियापद संस्कृत ‘चर्’ या धातूपासून आले आहे. या धातूचा मूळ अर्थ हिंडणे, फिरणे असा आहे. ‘संचार’, ‘चराचर’, ‘अनुचर’ या शब्दांत तोच अर्थ टिकून आहे. हिंडता हिंडता खाणे हा अर्थ त्यास पुढे जडला. मराठीत गाय, म्हैस, शेळी चरते. त्यांना चारणारा माणूस त्यांच्यासोबत हिंडतो. चरण्याच्या हक्काबद्दल चराई द्यावी लागते. आणि जे चरावयाचे तो चारा. या सर्व शब्दांचे केंद्र गुरे हेच आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र नाम आणि क्रियापद यांची फारकत दिसते. ‘चारा’ हे नाम पक्ष्यांना निःसंकोच लावले जाते. चिमणी पिलांसाठी चारा आणते, आणि ज्याने चोच दिली तो चाराही देईल, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु चिमणी चारा ‘चरते’ असे कोणी म्हणत नाही. ती चारा टिपते किंवा वेचते. खाद्य या अर्थाने ‘चारा’ हा शब्द गुरांकडून पक्ष्यांकडे गेला. खाण्याची क्रिया दाखविणारा ‘चरणे’ हा शब्द गेला नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘कोंबड्या चरायला सोडल्या’ हा प्रयोग खेड्यापाड्यांत नित्य ऐकू येतो, तेव्हा कोंबडी चरत नाही असे कसे म्हणावे? आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या विचारातूनच भेद स्पष्ट होतो. या प्रयोगात बोलणाऱ्याचे लक्ष कोंबडी काय खाते याकडे नसून ती खुराड्याबाहेर पडून मोकळी हिंडते याकडे असते. ‘चरायला सोडणे’ याच्या विरुद्ध अर्थाचा प्रयोग ‘कोंबड्या डालणे’ हा आहे. सायंकाळी कोंबड्या डालग्याखाली घालतात, म्हणजे डालतात. सकाळी त्या सोडतात. म्हणून येथे ‘चर्’ धातूचा मूळचा, हिंडण्याचा अर्थच प्रधान आहे. परंतु तीच बाई अंगणात उभी राहून एका कोंबडीकडे बोट दाखवू लागली की तिची भाषा बदलते. ‘ती बघा, दाणे टिपतेय’, ‘ती मेली वाफा उकरतेय’, ‘मेथीचे शेंडे खुडले हिने’, असे ती बोलते. सारांश, दुरून आणि समूहाने पाहिल्यास कोंबड्या चरतात. जवळून आणि एकेकटी पाहिल्यास कोंबडी टिपते, वेचते, उकरते आणि खुडते.

इंग्रजीतील परिस्थिती याहून वेगळी आहे. त्या भाषेतील ‘ग्रेझ’ हे क्रियापद ‘ग्रास’ म्हणजे गवत या नामापासूनच बनलेले आहे. त्यामुळे त्यात खाद्यवस्तू निश्चित आहे. ‘फॉरेज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा आरंभीचा अर्थ गुराघोड्यांची वैरण असा होता. वैरण मिळविण्यासाठी फिरणे आणि पुढे कोणतेही अन्न शोधीत हिंडणे, असा त्याचा विस्तार झाला. कुक्कुटपालनावरील इंग्रजी लेखनात हे दोन्ही शब्द कोंबडीसाठी येतात. मराठी अनुवादक दोहोंसाठी ‘चरणे’ योजतो. अशा रीतीने अन्नाचा शोध आणि गवत खाणे या दोन भिन्न कल्पना मराठी वाक्यात एक होतात. वाचणाऱ्याच्या मनात गाईचे चित्र उभे राहते, आणि गाईला घालावा तसा गवताचा भारा तो कोंबड्यांपुढे टाकतो.

३. चार क्रियापदे

कोंबडीच्या खाण्याविषयी मराठीत जी क्रियापदे वापरली जातात त्यांतील चार मुख्य आहेत. त्यांचे कर्म कशा प्रकारचे असावे लागते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

‘टिपणे’ या क्रियेचे कर्म लहान, सुटे आणि एका झेपेत उचलता येण्याजोगे असते. दाणा टिपला जातो, मुंगी टिपली जाते. टिपकागदाने शाई टिपतात, पदराने डोळे टिपतात, नेम धरून सावज टिपतात. हे सर्व अर्थ एकाच शब्दाचे आहेत की त्यांत केवळ रूपसाम्य आहे, हा वाद बाजूस ठेवला तरी त्यांत एक गुण समान आहे. क्रिया क्षणिक असते, नेमकी असते आणि पुनःपुन्हा करावी लागते. भाकरी किंवा पेंढी कोणी टिपत नाही.

‘वेचणे’ यातही कर्म सुटेच असते, परंतु येथे निवडीची कल्पना अधिक आहे. फुले वेचतात, सरपण वेचतात, ग्रंथातील वेचे काढतात. जे हवे ते घेणे आणि नको ते ठेवणे, असा या क्रियेचा आशय आहे. मिश्र धान्य टाकले असता कोंबडी आवडता दाणा आधी उचलते, ही सर्वांच्या पाहण्यातील गोष्ट आहे.

‘उकरणे’ ही पायांची क्रिया. तिचे कर्म खाद्यवस्तू नसून खाद्यावरील आवरण असते. माती, पालापाचोळा, शेणखत उकरले जाते, आणि उघडे पडलेले पुढे टिपले जाते. ‘उकरणे’ आणि ‘उकिरडा’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी संस्कृत ‘उत्’ उपसर्गासह ‘कॄ’ हा विखरणे, वर टाकणे या अर्थाचा धातू मानला जातो. कोंबडी उकिरड्यावर उकरते तेव्हा एकाच धातूच्या दोन वंशजांची गाठ पडते.

‘खुडणे’ हे चौथे क्रियापद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. कळी खुडतात, पालेभाजी खुडतात, तंबाखूचा शेंडा खुडतात. या क्रियेचे कर्म सुटे नसते; ते झाडाला जोडलेले असावे लागते. खुडणारा एका टोकाला ओढतो, मूळ दुसऱ्या टोकाला धरून ठेवते, आणि या दोन ओढींमध्ये कोवळा तुकडा तुटतो. जमिनीवर पडलेली कळी उचलता येते, वेचता येते. खुडता येत नाही.

येथे एक व्याकरणिक गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘गाय चरली’ हे वाक्य कर्मावाचून पूर्ण होते. ‘कोंबडीने टिपले’ हे वाक्य मात्र अपुरे वाटते. काय टिपले, हा प्रश्न उरतोच. ‘दाणा टिपला’, ‘मुंगी टिपली’, ‘किडे टिपले’ यांत क्रियापदाचे रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. या क्रियापदांच्या वाक्यांत खाद्यवस्तू केंद्रस्थानी असते आणि ‘चरणे’च्या वाक्यात हिंडणारा प्राणी, असे म्हणावयास हरकत नाही.

ही चार क्रियापदे कोंबडीच्या स्वभावाशी जुळणारी आहेत. पाळीव कोंबडीचा पूर्वज लाल रानकोंबडा होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने तिच्या पाळीव होण्याचे मूळ नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या भागातील एका उपजातीशी जोडले आहे. हा पक्षी मोकळ्या गवताळ माळाचा रहिवासी नसून रानाच्या कडेचा आणि बांबूच्या बेटांतील पाचोळ्याचा रहिवासी आहे. मेरियन स्टँप डॉकिन्स यांनी प्राणिसंग्रहालयात अर्धमुक्त अवस्थेत राहणाऱ्या रानकोंबड्यांचे निरीक्षण १९८९ साली प्रसिद्ध केले. त्यांना नियमित खाद्य मिळत होते. तरीही निरीक्षणाच्या सुमारे ६० टक्के मिनिटांत जमिनीवर चोच मारण्याची आणि सुमारे ३४ टक्के मिनिटांत उकरण्याची नोंद झाली. पोट भरलेले असतानाही टिपणे आणि उकरणे चालूच राहते. कापलेल्या गवतावर कोंबड्या धावतात त्या याच प्रेरणेने.

४. दात नसलेल्या प्राण्याचे अन्न

चावणे, चघळणे, रवंथ करणे ही क्रियापदे कोंबडीला लागू पडत नाहीत, कारण तिला दात नाहीत. चोचीत आलेले अन्न ती अखंड गिळते. ते अन्ननलिकेतून गळ्याच्या तळाशी असलेल्या अन्नपुटात, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या एका पातळ पिशवीत, जाऊन साठते. तेथे ते भिजून मऊ होते. मग ते थोडथोडे पुढे सरकते. ग्रंथिल जठरात त्यात पाचक रस मिसळतो. आणि त्यापुढील पेषणी या जाड स्नायूंच्या जात्यात ते दळले जाते. त्यासाठी कोंबडी वाळू आणि बारीक खडे गिळते. दातांचे काम ते खडे करतात.

या रचनेत दळण्याची जागा साठवणीच्या जागेनंतर येते, ही गोष्ट निर्णायक आहे. गाय गवत तोडते, गिळते, परत तोंडात आणते आणि चावते. लांब काडी तिला अडचणीची नसते. कोंबडीच्या अन्नपुटात शिरलेली लांब काडी मात्र पेषणीपर्यंत पोहोचण्यापूर्वी लांबच राहते. अशा अनेक काड्या भिजल्या, हलल्या, एकमेकींत गुंतल्या की त्यांचा दोर वळला जातो. हा दोर अन्नपुटाच्या लहानशा निर्गमद्वारातून पुढे सरकत नाही. त्यावर दाणे साठतात, पाणी साठते, ते आंबते. अन्नपुट तुंबणे म्हणतात ते हेच. कोंबडी खातच राहते, आणि खाल्लेले तिला मिळत नाही.

आता कापलेल्या गवताची भाषिक परीक्षा घेता येईल. उभे गवत कोंबडी खुडते. मूळ धरून ठेवते म्हणून चोचीत अर्ध्या-पाऊण इंचाचा तुकडाच येतो. दाणा आणि किडा ती टिपते. ते मुळातच लहान असतात. लांब कापलेले गवत या दोहोंत बसत नाही. ते सुटे आहे, म्हणून खुडता येत नाही. ते लांब आहे, म्हणून टिपता येत नाही. जोडलेले व मोठे, किंवा सुटे व लहान, असे दोन प्रकारचेच अन्न कोंबडीच्या चोचीला मानवते. सुटे आणि मोठे असे तिसऱ्या प्रकारचे अन्न विळ्याने निर्माण केलेले आहे. त्यासाठी कोंबडीजवळ योग्य क्रिया नाही, आणि भाषेजवळ योग्य क्रियापद नाही. उरते ते ‘गिळणे’.

प्रत्येक कोंबडी लांब काडी गिळतेच असे नाही. बहुतेक कोंबड्या ती चोचीत धरून झटकतात व टाकून देतात. कधी दोघी दोन टोकांना ओढतात, आणि दुसरीची चोच मुळाचे काम करते. परंतु दिवसभर कोंडलेली भुकेली कोंबडी, हिरव्याला आसुसलेली कोंबडी, किंवा जिला वाळू-खडे मिळालेले नाहीत अशी कोंबडी धोका पत्करते.

५. ‘कापलेले गवत’ म्हणजे कोणते?

येथवरच्या विवेचनावरून कापलेले गवत कोंबड्यांना सर्वथा वर्ज्य आहे, असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. ज्या देशांत घरापुढे हिरवळ राखण्याची रीत आहे तेथे ती यंत्राने कापल्यावर कोंबड्या मोकळ्या सोडणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि बहुधा अपाय होत नाही. कारण तेथील कापलेले गवत वेगळे असते.

हिरवळ कापण्याच्या यंत्राचा शोध इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील एडविन बडिंग याने लावला आणि १८३० साली त्याचे एकस्व घेतले. कापड गिरणीत लोकरी कापडावरील वर आलेला लव समान कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने पाहिले होते. तीच रचना त्याने गवताला लावली. म्हणजे या यंत्राच्या मुळाशी कापणी नसून कातरणी आहे. नियमित कातरलेल्या हिरवळीतून प्रत्येक वेळी इंच-दीड इंचाचे कोवळे शेंडे तेवढे निघतात. इंग्रजीत त्यांना जे नाव आहे त्याचा अर्थही कातरून निघालेले तुकडे असाच होतो. तुकडा लहान असल्यामुळे तो टिपता येतो.

मराठी खेड्यात मात्र ‘कापलेले गवत’ म्हटले की विळ्याने बुंध्याशी कापलेले, मुठीत धरून पेंढी बांधलेले, हात-दीड हात लांबीचे गवत डोळ्यांपुढे येते. त्याची भारी होतात, गंजी रचतात, ते गुरांची वैरण म्हणून ठेवतात. इंग्रजी वाक्यातील ‘ताजे कापलेले गवत कोंबड्यांना घालावे’ हा उपदेश मराठीत शब्दशः आणला तर शब्द बरोबर राहतात आणि वस्तू बदलते. अनुवादातील असा दोष वाक्यरचनेत दिसत नाही, म्हणून तो संपादकाच्या नजरेतून सुटतो. त्याचा परिणाम भोगावा लागतो तो कोंबडीला.

या भेदासाठी नवीन शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. ‘कातरणे’ या क्रियापदापासून झालेला ‘कात्रण’ हा शब्द वृत्तपत्राच्या आणि कापडाच्या तुकड्यांसाठी रूढ आहेच. यंत्राने निघालेल्या बारीक गवतास ‘गवताचे कात्रण’ म्हटल्यास तुकडा लहान आहे, ही गोष्ट शब्दातच येते. वैरणीचे बारीक तुकडे करण्यास ‘कुट्टी करणे’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या नित्य वापरातील आहे. कोंबडीसाठी ती गुरांच्या कुट्टीपेक्षा बारीक हवी, एवढे सांगितले की पुरे. ‘कापलेले गवत’ हा शब्द विळ्याच्या गवतासाठी राखून ठेवावा.

कात्रणातही एक धोका आहे. हिरव्या गवताच्या वजनात बहुतांश पाणीच असते. त्याचा ढीग घातला तर आतील हवा कोंडते, सूक्ष्म जीव वाढतात, ढीग आतून तापतो आणि आंबू लागतो. पुढे त्यावर बुरशी येते, आणि बुरशीचे कण श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कोंबड्यांना श्वसनाचा गंभीर विकार होतो. ‘गवत तापले’ हा शेतकऱ्याचा प्रयोग ओल्या गंजीविषयी आहे. कोंबड्यांच्या कात्रणासही तो तंतोतंत लागू पडतो. ताजे याचा अर्थ त्याच दिवशीचे, पातळ पसरलेले, हात घातला असता गार लागणारे, असा घ्यावा.

६. लाभ कशाचा?

गवताच्या पात्याचा मुख्य भाग तंतुमय असतो, आणि तो पचविण्याची कोंबडीची शक्ती अल्प आहे. गुरांच्या कोठ्यात जे किण्वन होते ते कोंबडीत आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांपुरते मर्यादित आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम कोरडे खाद्य लागते. त्याची जागा गवत घेऊ शकत नाही. गवतावर सोडली म्हणून दाणा बंद करणे हा ‘चरणे’ या शब्दानेच निर्माण केलेला दुसरा गैरसमज होय.

गवत पोषणाला भर घालते ती दोन मार्गांनी. एक म्हणजे त्यातील जीव: नाकतोडे, अळ्या, गांडुळे, वाळवी. ही प्रथिने कोंबडीला उत्तम मानवतात, आणि गवत कापल्यावर ती उघडी पडतात. म्हणून कापलेल्या गवतापेक्षा गवत कापलेली जागा अधिक मोलाची असते. दुसरा मार्ग म्हणजे कोवळ्या पानातील सूक्ष्म द्रव्ये. बलकाचा पिवळा रंग हा ल्युटीनादी पीत द्रव्यांचा असतो. ती कोंबडीला स्वतः बनविता येत नाहीत, हिरव्या पाल्यातून किंवा पिवळ्या मक्यातून घ्यावी लागतात.

हिरव्या पानाचे महत्त्व शास्त्राला कळले तेही कोंबडीच्या पिलांमुळे. कोपनहेगन येथे हेन्रिक डाम स्निग्धांशरहित खाद्यावर वाढविलेल्या पिलांचा अभ्यास करीत असता त्यांना त्वचेखाली व स्नायूंत रक्तस्राव होतो आणि रक्त लवकर गोठत नाही, असे आढळले. ही निरीक्षणे १९२९ साली प्रसिद्ध झाली. १९३५ साली त्याने त्या अज्ञात घटकाला ‘के’ जीवनसत्त्व असे नाव दिले. जर्मन आणि डॅनिश भाषांत रक्त गोठण्याच्या क्रियेचे नाव ‘के’ या अक्षराने सुरू होते, ते अक्षर या नावात आले. हे द्रव्य १९३९ साली लसूणघासापासून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि १९४३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डाम व एडवर्ड डॉइझी यांना मिळाले. हिरव्या पानात हे द्रव्य विपुल असते. कोंबडीला ते मिळण्यास पेंढीभर गवत लागत नाही. खुडलेले थोडे शेंडे पुरतात.

७. क्रियापदांनुसार व्यवहार

वरील भेद मान्य केला तर व्यवहाराचे नियम निराळे शिकविण्याची गरज फारशी उरत नाही. ते क्रियापदांतूनच निघतात.

कोंबडीला खुडता यावे यासाठी गवत मुळाशी जोडलेले असावे. हरळीचा आखूड राखलेला पट्टा यास सर्वांत सोयीचा. विळ्याने कापलेले गवत द्यावयाचेच असल्यास त्याची घट्ट जुडी बांधून कोंबडीच्या मानेच्या उंचीवर टांगावी. जुडीतील गाठ मुळाचे काम करते. सुटे झालेले गवत पुन्हा खुडण्याजोगे होते. पालेभाजीच्या बाबतीत हा उपाय अनेक घरी केला जातो, आणि त्याचे कारण हेच आहे.

तिला टिपता यावे यासाठी सुटे गवत बारीक असावे. परंतु बारीक करताना ‘वेचणे’ विसरून चालत नाही. उभ्या गवतात कोंबडी नको ते टाळते. कण्हेरीचे पान किंवा धोतऱ्याचे बोंड गवताबरोबर कुट्टीत गेले तर तिची निवड संपते. तेव्हा तिच्या वतीने माणसाने आधी गवत वेचून घ्यावे. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या जागेचे गवत देऊ नये, आणि फवारलेल्या जागी कोंबड्या सोडूही नयेत.

तिला उकरता यावे यासाठी कापणीनंतर लांब गवत आधी उचलून गुरांच्या गोठ्यात न्यावे आणि मगच कोंबड्या सोडाव्यात. उरलेल्या खुंटांत आणि मातीत त्यांचे काम चालू होते. जागा दलदलीची असू नये. रक्ती हगवणीचे जंतू ओलाव्यात व उबेत संसर्गक्षम होतात. गवत आखूड झाल्याने ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, हाही कापणीचा एक लाभच आहे. खुराड्याजवळ वाळू किंवा बारीक खडी असावी.

शेवटचा नियम डालण्या-सोडण्याच्या जुन्या रीतीशी जोडता येतो. सायंकाळी डालताना कोंबडीच्या गळ्याखाली हात लावला असता अन्नपुट भरलेले लागते. ते योग्यच आहे. रात्रभरात ते रिकामे झाले पाहिजे. सकाळी सोडताना, दाणा टाकण्यापूर्वी, तेथे टणक गोळा लागला तर ती कोंबडी वेगळी काढून पशुवैद्याकडे न्यावी. तिला उलटी धरून ओकविण्याचा प्रयत्न करू नये. आंबलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन ती गुदमरण्याचा संभव असतो.

८. उपसंहार

परिभाषा घडविताना एका परकीय शब्दासाठी एक मराठी शब्द असावा, ही अपेक्षा रास्त आहे. तीमुळे कोश सुटसुटीत होतो. परंतु जेथे मराठीजवळ अनेक शब्द असून प्रत्येकाच्या मागे निरीक्षण आहे, तेथे एकशब्दी पर्यायाचा आग्रह हानिकारक ठरतो. कोंबडीच्या बाबतीत ‘चरणे’ हा शब्द ‘मोकळे हिंडणे’ या अर्थापुरता ठेवावा. ती काय आणि कसे खाते हे सांगताना टिपणे, वेचणे, उकरणे आणि खुडणे ही क्रियापदे जागच्या जागी योजावीत. गवताच्या बाबतीत ‘कापलेले’ आणि ‘कातरलेले’ यांत भेद करावा.

हे शब्द ज्यांच्या बोलण्यातून आले त्या स्त्रियांना अन्नपुट आणि पेषणी यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोंबडी जोडलेले कसे खाते आणि सुटे कसे खाते, हे त्यांनी रोज परसात पाहिले होते, आणि त्या पाहण्याला त्यांच्या भाषेत शब्द होते. त्यांच्यासाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात हेच शब्द आले, तर त्यातील सूचना त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.